वॉरंटी संपली, पुढे काय?

आकाशवाणीवरून भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, मी कवितेवर बोलेन. मी म्हटलं, मला फ्रिजवर बोलायचंय. फोनवर क्षणभर शांतता. मग ते हसून म्हणाले, "बोला, पण कंपनीचं नाव घेऊ नका." ते मी घेणार नाही. कंपनी दुसरी असती तरी गोष्ट साधारण अशीच घडली असती, असं मला आता वाटतं.

कुरुंदवाडचा एप्रिल इकडच्या लोकांना सांगायला नको. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही उशाशी, पण दुपारी घर तव्यासारखं तापतं. अशाच एका एप्रिलमध्ये आमचा फ्रिज थंड करायचा थांबला. आतला दिवा लागत होता, मागं मोटर घुमत होती, पण पाण्याची बाटली कोमट. दोन दारांचा, साडेसव्वीस हजारांचा फ्रिज. आदल्या वर्षी मार्चमध्ये, ईदेच्या तोंडावर घेतलेला. कपाटातून कार्ड काढून पाहिलं. एक वर्षाची वॉरंटी संपून तेवीस दिवस झाले होते.

फ्रिज बंद पडला तर कुणाचं दूध नासतं, कुणाची भाजी वाळते. आमच्याकडे अम्मीचं इन्सुलिन होतं. ऐंशीच्या घरातलं शरीर, दिवसातून दोनदा सुई. न उघडलेल्या कुप्या दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्याच संध्याकाळी डबा घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांनी फ्रिजच्या दारातल्या कप्प्यातली मिरची-कोथिंबीर हलवली आणि जागा करून दिली. एक शब्द विचारला नाही. अम्मीला मात्र ते लागलं. "माझं औषध लोकांच्या घरात," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

कंपनीच्या नंबरावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपकी वॉरंटी एक्सपायर हो चुकी है." तिसऱ्या दिवशी साडेपाचशे रुपये व्हिजिट चार्ज घेऊन एक मुलगा आला. कामात हुशार. तासभर तपासून म्हणाला, "काका, गॅस गेलाय. लीकेज आतल्या कॉइलला हाय, बॉडीच्या आत, फोममध्ये. ह्याला इलाज न्हाई. बॉडीच बदलाय लागतीया. त्यापेक्षा नवीनच घ्या."

मी विचारलं, "अरे, पण कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे ना?"

"कॉम्प्रेसर ठणठणीत हाय की," तो म्हणाला. "गॅसच न्हाई तर त्यो बिचारा काय करंल?"

त्या वाक्यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. फ्रिज म्हणजे काय? एक बंद नळी, तिच्यातून फिरणारा गॅस आणि त्या गॅसला फिरवणारा कॉम्प्रेसर. आत गॅस प्रसरण पावतो आणि उष्णता शोषून घेतो, बाहेरच्या बाजूला येऊन ती उष्णता सोडतो. गॅस नसेल तर कॉम्प्रेसर म्हणजे पाणी आटलेल्या विहिरीवरचा पंप. पूर्वीच्या फ्रिजला मागच्या बाजूला काळी जाळी असायची. जाळी गळली तर मिस्त्री तिथं डाग देऊन मोकळा व्हायचा. आता बऱ्याच फ्रिजमध्ये ही नळी बॉडीच्या पत्र्याआड बसवतात आणि त्यावर फोम ओततात. फोम घट्ट झाला की नळी भिंतीत चिणल्यासारखी. दिसायला सुबक, पुसायला सोपं. पण त्या नळीच्या सांध्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं असेल, तर गॅस रोज थोडा थोडा जाणार. थंडावा कमी होतोय हे कळायलाच वर्ष जातं. आणि वर्ष झालं की कार्ड संपतं.

त्या नळीपर्यंत माझा हात कधीच पोचू शकत नव्हता. मी फ्रिज आपटला नाही, फोम खरवडला नाही. व्होल्टेज कमीजास्त झाल्यानं कार्ड जळेल, मोटर जळेल, पण भिंतीतल्या नळीला भोक पडणार नाही. मग हा बिघाड माझ्या वापरातून आला कसा? तो कारखान्यातूनच माझ्या घरी आला होता. मी फक्त तेरा महिने त्याच्याकडे पाहत होतो.

आपल्याकडे बैल घेताना खोड पाहतात. दात मोजतात, चालवून बघतात, शिंगावर हात ठेवून बघतात. जी खोड डोळ्याला दिसत होती ती पत्करली असं धरतात. पण जी दिसणं शक्यच नव्हतं, ती विकणाऱ्याच्या अंगावर. हा व्यवहार फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खरेदीचा पस्तावा झाल्यास तो व्यवहार फिरवायला व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन रात्री आणि गुराख्याला पाच रात्री दिलेल्या आहेत. इस्लामी धर्मशास्त्रात 'खियार-उल-ऐब' म्हणून एक तत्त्व आहे. ऐब हा शब्द आपल्या मराठीतही आहेच. विकताना वस्तूत असलेला आणि घेणाऱ्याला न दिसलेला ऐब नंतर उघडकीस आला, तर वस्तू परत करायचा पर्याय घेणाऱ्याकडे राहतो. म्हणजे वस्तू किती दिवसांपूर्वी घेतली याच्या आधी प्रश्न येतो तो ऐब आधीपासून होता का, हा.

आता आपल्या आजच्या कायद्याकडे येऊ. माझं शिक्षण बी. ए.पर्यंतचं, मी वकील नाही. पण गरज पडली की माणूस वाचतो.

पहिली गोष्ट मला समजली ती ही की, वॉरंटी हे कंपनीनं स्वतः दिलेलं वचन आहे. 'जामीन' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. जामीन म्हणजे दुसऱ्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेणारा. वॉरंटी कार्ड म्हणजे कंपनी वर्षभरासाठी आपल्याच मालाला जामीन राहते. त्या वर्षात काही बिघडलं तर बहुधा फार चौकशी न करता ती फुकट दुरुस्त करून देते. वर्ष संपलं की हा फुकट दुरुस्तीचा हक्क संपतो, आणि त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. पण सदोष माल विकल्याची जबाबदारी त्या कार्डातून आलेलीच नाही. ती विक्रीतून आलेली आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या सोळाव्या कलमात ती आहे. जो माणूस ज्या मालाचा व्यापार करतो, त्यानं वर्णनानुसार विकलेला तो माल बाजारात चालण्याजोग्या दर्जाचा असला पाहिजे, ही अट बोलली नाही तरी बोलल्यासारखीच धरली जाते. गिऱ्हाइकानं माल तपासून घेतला असेल तर तपासणीत दिसायला हवे होते त्या दोषांबद्दल त्याला बोलता येत नाही. पण दुकानात मी फ्रिजचं दार उघडून-मिटून पाहिलं म्हणजे फोममधली नळी पाहिली, असं होत नाही.

ग्राहक संरक्षण कायद्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या अशीच रुंद आहे. दर्जा, प्रमाण, शुद्धता यांत राहिलेली कोणतीही उणीव, मग तो दर्जा कायद्यानं ठरवलेला असो, करारात लिहिलेला असो, करारात गृहीत धरलेला असो किंवा विक्रेत्यानं स्वतः दावा केलेला असो. या व्याख्येत 'वॉरंटीच्या मुदतीत' असे शब्द कुठंही नाहीत. मी तीन वेळा वाचून खात्री केली.

हा कायदा सहज मिळालेला नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. अशा चळवळींच्या रेट्यातून १९८६ चा कायदा आला. २४ डिसेंबरला राष्ट्रपतींची त्यावर सही झाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याची जागा २०१९ च्या कायद्यानं घेतली आणि तो जुलै २०२० पासून लागू झाला. नव्या कायद्यातली एक गोष्ट आमच्यासारख्या गावातल्या माणसाला मोलाची आहे. पूर्वी कंपनीचं कार्यालय किंवा शाखा जिथं, किंवा व्यवहार जिथं घडला, तिथं तक्रार करावी लागे. आता ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे फ्रिज जयसिंगपुरात घेतला काय किंवा मोबाइलवरून मागवला काय, कुरुंदवाडच्या माणसाला दिल्लीची वाट धरायला नको, कोल्हापूर पुरे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच पाहिजे असंही नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल होते.

हे ऐकून कुणाला वाटेल, मग काय, लढाई जिंकलीच. तसं नाही. इथंच खरी अडचण सुरू होते.

वॉरंटीच्या मुदतीत वस्तू बिघडली तर कार्ड पुढं केलं की झालं. मुदतीनंतर मात्र दोष मुळातला होता हे ग्राहकाला दाखवावं लागतं. तो कसा दाखवणार? कायद्यात सोय आहे. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तक्रारदारानं भरायची. मुदतीनंतरच्या अनेक तक्रारी पडतात त्या पुराव्याअभावी. युरोपीय संघाच्या देशांत हा भार उलटा आहे. तिथं नव्या वस्तूसाठी विक्रेत्याची किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते. ती कंपनीच्या वॉरंटीवर अवलंबून नाही. आणि निदान पहिल्या वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता हे विक्रेत्यानं दाखवायचं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात तर टिकाऊपणा हा दर्जाचाच भाग मानला आहे. फ्रिजसारखी वस्तू किती वर्षं चालावी अशी शहाण्या माणसाची रास्त अपेक्षा असते, हा प्रश्न तिथं न्यायाधीश विचारतो. आपल्याकडे असं गृहीतक अजून कायद्यात आलेलं नाही. ते यावं असं माझं स्पष्ट मत आहे. यंत्र त्यांचं, नकाशा त्यांचा, कारखाना त्यांचा, आणि नळीला भोक कारखान्यात पडलं हे सिद्ध करायचं कुणी? तर कुरुंदवाडच्या कवीनं.

मला हे सुदैवानं वेळेत उमगलं. त्याचं श्रेय एका निवृत्त प्राध्यापक मित्राला. तो म्हणाला, "आधी त्या पोराकडनं लिहून घे." मुलाला पुन्हा फोन केला. त्यानं जॉबशीट भरलं होतं, पण कारणाच्या रकान्यात नुसतं 'वॉरंटीबाहेर' लिहिलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तू मला जे तोंडानं सांगितलंस तेवढंच कागदावर लिही." तो जरा घुटमळला. मग त्यानं लिहिलं: अंतर्गत गळती, दुरुस्ती शक्य नाही. त्या एका ओळीनं निम्मं काम केलं. त्या मुलाची नोकरी कंत्राटी. त्यानं ती ओळ लिहिली याचं मोल मला ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात गावातला एक मिस्त्री म्हणाला, "सर, चार हजार द्या, बाहेरनं कॉइल फिरवून देतो. उद्या बर्फ पाडतो." तो खरंच पाडू शकला असता. आपले मिस्त्री जे जुगाड करतात त्याला तोड नाही. पण एकदा बाहेरून कॉइल फिरवली की मूळ नळीतल्या दोषाचा पुरावा पुसला. कंपनी म्हणाली असती, बाहेरच्या माणसानं हात लावला. घरात अम्मी, शेजारी इन्सुलिन आणि दारात चार हजारांत उपाय. मी नको म्हटलं. बायकोनं दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं केलं नाही, आणि तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही.

मग पत्र लिहिलं. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथं मराठीत बोलता येतं. तिथं तक्रार नोंदवल्यावर कंपनीचं उत्तर आलं: नव्या फ्रिजवर सवलत देऊ. म्हणजे ज्यानं ठकवलं त्याच्याच दुकानात पुन्हा जायचं. हेल्पलाइन कंपनीपर्यंत तक्रार पोचवते, समेट घडवू पाहते, पण तिला हुकूम देता येत नाही. म्हणून स्पीड पोस्टानं नोटीस धाडली, एक कंपनीला आणि एक दुकानदाराला. दुकानदाराला धाडताना हात जड झाला. ओळखीचा माणूस, त्याच्या मुलाच्या लग्नात जेवलेलो. लहान गावात निम्मे हक्क असे ओळखीपोटी मरतात. मी स्वतः जाऊन त्याला सांगितलं, "राग मानू नका. माल तुमच्या हातून आला, म्हणून नाव घालावं लागतं." तो म्हणाला, "घाला की. मलाबी कंपनी कुठं भीक घालतीया?"

नोटिशीत मी चार गोष्टी लिहिल्या. काय घेतलं आणि कधी, काय बिघडलं, त्यांच्याच माणसानं काय लिहून दिलं, आणि मला काय हवं. शेवटची गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. नुसतं 'न्याय मिळावा' म्हणून चालत नाही. दोष दूर करून द्या, किंवा नवी वस्तू द्या, किंवा पैसे परत करा, हे स्पष्ट मागावं. आयोगाला या तिन्ही गोष्टी देता येतात, शिवाय भरपाई आणि खर्चही. सोबत आयोगात द्यायच्या तक्रारीचा मसुदा जोडला. कवीनं लिहिलेला मसुदा म्हणून मित्रानं त्यातली विशेषणं सगळी काढून टाकली.

मुदतीबद्दल इथंच सांगून टाकतो. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. कारण नेमकं कोणत्या दिवशी घडलं, यावर वकील वाद घालतात. आपण आपल्या सोयीची तारीख धरू नये, सगळ्यात आधीची धरावी. आणि कंपनीशी पत्रापत्री चालू आहे म्हणून ही दोन वर्षं लांबत नाहीत. पुष्कळ लोक 'बघतो साहेब' या शब्दांवर वर्ष घालवतात.

प्रत्येक बिघाड हा कंपनीचा ऐब नसतो, हेही कबूल केलं पाहिजे. आमच्या शिरोळ तालुक्याला ते वेगळं सांगायला नको. २००५ साली, २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराचं पाणी घरात शिरलं. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, शिरोळ, सगळीकडे तेच. लोकांनी टीव्ही माळ्यावर चढवले, फ्रिज पलंगावर ठेवले, आणि पाणी पलंगाच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर कितीतरी जण वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात गेले. कार्ड चालू मुदतीचं असलं तरी पुराचं नुकसान त्यात येत नाही, आणि त्यात कंपनीला दोष देता येत नाही. तिथं उपयोगी पडतो तो घरसामानाचा विमा, जो आपण काढत नाही. काढला असेल आणि विमा कंपनीनं विनाकारण दावा नाकारला, तर मात्र ती सेवेतली त्रुटी ठरते आणि त्याच ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडतो. मोबाइल हातातून पडला, लाइटच्या झटक्यानं सेट जळला, यांची जातही साधारण हीच. ऐब वेगळा, आघात वेगळा.

दुसरा एक प्रश्न मला मोहल्ल्यातल्या एका बाईंनी विचारला. त्या घरी शिवणकाम करतात, मोटरवाल्या शिलाई मशीनवर. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं, धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. हे अर्धसत्य आहे. व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू कायद्यात येत नाही, पण माणूस स्वतः राबून पोट भरण्यासाठीच ती वापरत असेल तर तो ग्राहकच. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात हे समजावताना स्वतः चालवण्यासाठी रिक्षा घेणाऱ्याचंही उदाहरण दिलं आहे. रिक्षा चालते तर शिलाई मशीन का चालणार नाही? दहा मशीन लावून दहा बायका कामाला ठेवल्या तर गोष्ट वेगळी.

जाहिरातीतल्या त्या 'दहा वर्षे' या अक्षरांबद्दलही बोललं पाहिजे. हातभर अक्षरांत दहा, आणि खाली तारा काढून मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, 'फक्त कॉम्प्रेसर'. गॅस नाही, मजुरी नाही, येण्याजाण्याचा खर्च नाही. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियम काढले. दाव्याशी विसंगत ठरेल किंवा महत्त्वाची माहिती लपवेल असा खुलासा तळाला छापून सुटका होत नाही, आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, असं त्यात आहे. माझी सूचना साधी आहे. दुकानात विचारावं, "दहा वर्षांत हे बिघडलं तर मला खिशातून काय काय द्यावं लागेल?" आणि ते बिलाच्या मागं लिहून घ्यावं. लिहून देताना विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चा अलीकडे आपल्याकडेही सुरू झाली आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं त्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी ग्राहक दिनाला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू झालं. कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची, सेवाकेंद्रांची माहिती तिथं द्यावी अशी कल्पना. फ्रान्सनं २०२१ पासून काही वस्तूंवर दहापैकी गुण छापायला लावले, ती दुरुस्त करायला किती सोपी यासाठी. दुकानात उभं राहूनच कळतं. माझ्या फ्रिजला त्या नळीसाठी शून्य मिळायला हवं होतं. तिथं प्रश्न सुट्या भागाच्या किमतीचा नाही. दुरुस्त करताच येणार नाही अशा जागी ती नळी मुद्दाम बसवलेली आहे.

आता माझ्या नोटिशीचं काय झालं ते सांगतो. पाचव्या आठवड्यात कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन आला. आधी तीस टक्के, मग निम्मे, शेवटी वर्षभराच्या वापरापोटी काही कापून साडेअठरा हजार परत द्यायला ते तयार झाले. अट एक. हा वाद मिटला, पुढं कोणतीही तक्रार नाही, आणि कंपनीनं कोणताही दोष मान्य केलेला नाही, अशा कागदावर सही. मित्र म्हणाला, "लढ. निकाल लाग, बाकीच्यांना उपयोगी पडेल." बायको म्हणाली, "अम्मीकडं बघा." मी सही केली. त्या पैशांत भर घालून नवा फ्रिज आणला, मागं जाळी असलेला, जुन्या पद्धतीचा, शोधून शोधून. इन्सुलिनचा डबा घरी आला. अम्मीनं तो स्वतःच्या हातानं आत ठेवला, आणि काकूंना शिरखुर्म्याचा डबा पाठवला. तेव्हा ईद होऊन तीन महिने होऊन गेले होते.

सहीचं मला बरं वाटलं आणि वाईटही. तडजोड झाली की आयोगाचा आदेश होत नाही. आदेश नाही, म्हणजे पुढच्या माणसाला दाखवायला काही नाही. विभागीय कार्यालयातले गृहस्थ मला फोनवर म्हणाले होते, "सर, या मॉडेलची ही पहिलीच तक्रार." मी ते खरं मानलं होतं.

गेल्या महिन्यात शिरोळहून एक तरुण शेतकरी माझं नाव विचारत घरी आला. तेच मॉडेल, तीच गळती, वॉरंटी संपून दोन महिने झालेले. माझ्याकडचे कागद मागत होता. मी माझा तडजोडीचा कागद दाखवला आणि त्यात त्याच्या उपयोगाचं काही नाही हेही सांगितलं. एक मात्र त्याला सांगू शकलो. सारख्याच दोषानं नाडलेले अनेक ग्राहक असतील तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांच्या वतीनं एक तक्रार करता येते, आणि अशा सामूहिक प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा केंद्रीय प्राधिकरणाकडेही लेखी जाता येतं. त्यानं लगेच विचारलं, "पण बाकीचे शोधायचे कसे?" मी म्हटलं, "तू मला शोधलंस तसे."

मग त्यानं खिशातून बिल काढलं. दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघतं तसलं गुळगुळीत कागदाचं. ही छपाई उष्णतेनं उमटते आणि उन्हानं, उबेनं, प्लॅस्टिकच्या पाकिटात राहून उडूनही जाते, म्हणून घेतल्या दिवशीच तिची झेरॉक्स काढायची असते. त्यानं काढली नव्हती. कागद जवळजवळ कोरा होता. आम्ही दोघं तो घेऊन खिडकीपाशी गेलो, उजेडाकडे तिरका धरला, आणि तारखेचे आकडे एकेक करून वाचायला लागलो.